सुपरचार्जरवर नायट्रस, इंजिन कंपनीचंच: ठोके पुन्हा पुन्हा का येतात?

तक्रार साधारण अशी असते. गाडी पॉन्टिॲक ग्रां प्री जीटीपी किंवा ब्युइक रीगल जीएस, १९९७ ते २००३ मधली. इंजिन एल६७, म्हणजे ३.८ लिटरचं व्ही-६, डोक्यावर ईटनचा एम९० सुपरचार्जर, कंपनीतून आलेली ताकद २४० हॉर्सपॉवर. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, रिंगा, सगळं मूळचंच. त्यावर ५० किंवा ७५ हॉर्सपॉवरचं नायट्रसचं वेट किट बसवलेलं, म्हणजे बाटलीतून नायट्रस ऑक्साइड आणि त्याच्या जोडीला वेगळं पेट्रोल फवारणारं. पहिल्या दिवशी गाडी पिसाट पळते. मग एखाद्या दुपारी स्कॅनरवर नॉक रिटार्ड दिसायला लागतो, पाच-सहा अंश, कधी आठ. म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके (नॉक) पडतात, कॉम्प्युटर तेवढं ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि गाडी बाटली बंद असतानापेक्षाही मंद होते. मालक जेट (फवाऱ्याचं प्रमाण ठरवणारं बारीक छिद्र) बदलतो, थोडे दिवस बरं चालतं, आणि पुन्हा तेच.

इथे मिशिगनमध्ये या गाड्या अजून पैशाला पासरी मिळतात, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. माझं मत आधीच सांगून टाकतो: दहातल्या बहुतेक गाड्यांत दोष नायट्रसचा नसतो. बाटली बंद असतानाही त्या गाडीत दोन-तीन अंशांचा नॉक रिटार्ड असतोच, फक्त तेव्हा कोणी स्कॅनरचा लॉग (नोंद) बघत नाही. नायट्रस आलं की तोच दोष मोठा होऊन दिसतो. म्हणून पहिलं काम म्हणजे बाटलीचा व्हॉल्व्ह बंद करून, फुल थ्रॉटलवर, तिसऱ्या गिअरपर्यंत लॉग घ्यायचा (रस्त्यावर नव्हे, ट्रॅकवर किंवा डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरवर). तिथं शून्य दिसेपर्यंत जेटला हात लावायचा नाही.

आधी बघा ठोके खरे आहेत का

या इंजिनात दोन नॉक सेन्सर आहेत. ते ब्लॉकमधली थरथर ऐकतात, ती कशामुळे आली हे त्यांना कळत नाही. ग्रां प्रीमध्ये इंजिन आडवं बसवलेलं आहे आणि त्याला पुढच्या बाजूला वरून डॉगबोन माउंट (इंजिन धरून ठेवणारे दांडे) आहेत. त्यांचं रबर वीस वर्षांत मरतं. फुल थ्रॉटल दिला की इंजिन मागे कलंडतं, एक्झॉस्टचा पाइप चॅसीला टेकतो आणि सेन्सरला तो टणत्कार ठोक्यासारखाच वाटतो. नायट्रसमुळे टॉर्क वाढतो, इंजिन जास्त कलंडतं, म्हणून बाटली उघडल्यावरच हा प्रकार सुरू होतो आणि सगळा आळ नायट्रसवर येतो.

ओळखायचं कसं? गाडी रॅम्पवर घ्या आणि डाउनपाइपच्या बाजूने टॉर्च फिरवा. जिथं पाइप टेकतो तिथं गंज घासून गेलेला असतो आणि नखाएवढा चकचकीत डाग दिसतो. तो दिसला तर डॉगबोन बदला, पाइप थोडा सरकवा, सगळे बोल्ट आणि हीट शील्ड आवळा. सुपरचार्जरचा कपलर झिजला असेल तर आयडलला खडखड ऐकू येते. ती ऐकून लोक इंजिन गेलं म्हणून घाबरतात. कपलर स्वस्तात बदलतो, तोही बदलून टाका.

दुसरी पक्की परीक्षा पेट्रोलची. बाटली बंदच ठेवा, टाकीत १०० ऑक्टेनचं रेस फ्युएल भरा (ऑक्टेन जितका जास्त तितके ठोके कमी) आणि तीच धाव पुन्हा घ्या. नॉक रिटार्ड नाहीसा झाला तर ठोके खरे होते. जसाच्या तसा राहिला तर काहीतरी आपटतंय, ते शोधा. पैसे खर्च होतात खरे, पण पिस्टनपेक्षा कमी.

ऑक्टेनवरून एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. अमेरिकन पंपावर लिहिलेला आकडा आरओएन आणि एमओएन (ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींचे आकडे) यांची सरासरी असतो. इथला ९१ म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने साधारण ९५-९६. भारतातल्या पंपावरचा आकडा हा निव्वळ आरओएन असतो. अमेरिकन व्हिडिओ बघून ‘९१ वर चालतं’ असं समजून कोणी भारतातल्या टर्बो गाडीत प्रयोग केला तर त्याचं वाटोळं ठरलेलं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीचा प्रश्न तिथंच मिटतो.

ठोके कधी येतात यावरून कारण कळतं

बाटली बंद ठेवून शून्य मिळालं आणि उघडल्यावर ठोके आले, तर मग खऱ्या अर्थाने नायट्रसची बाजू तपासायची. इथं जेटचा डबा उघडायच्या आधी लॉग नीट वाचा. ठोके कोणत्या धावेला आले, कोणत्या आरपीएमला आले, हवा कशी होती? तीन निरनिराळ्या दोषांच्या तीन निरनिराळ्या वेळा असतात.

पहिली धाव स्वच्छ आणि लगेच घेतलेली दुसरी खराब, तर तो उष्णतेचा दोष. एम९० हा रूट्स जातीचा ब्लोअर. तो हवा ढकलतो आणि ढकलताना चांगलीच तापवतो. एल६७ ला कंपनीने इंटरकूलर दिलेलाच नाही. मूळ ३.८ इंची पुलीवर बूस्ट (ब्लोअरने वाढवलेला हवेचा दाब) ८ पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) आसपास असतो आणि तेवढ्यावरही आत जाणारी हवा बॉनेटखालच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते. त्यात मालकाने आधीच ३.४ ची लहान पुली (ब्लोअर जास्त वेगाने फिरवणारी) टाकलेली असते, ‘बूस्ट वाढतो’ म्हणून. बूस्ट वाढतो, त्याबरोबर तापमानही वाढतं. नायट्रस वापरायचं असेल तर माझा सल्ला सरळ आहे: पुली परत ३.८ ची बसवा. ताकद बाटलीतून येणारच आहे, मग ती ब्लोअरकडून गरम हवेच्या रूपात कशाला मागायची? १९५ फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट काढून १८० चा टाका. दोन धावांच्या मध्ये बॉनेट उघडं ठेवा आणि ब्लोअरवर बर्फाच्या पिशव्या ठेवा. इथल्या मिलान ड्रॅगवेच्या (ड्रॅग शर्यतीचा ट्रॅक) रांगेत कुठल्याही उन्हाळी रात्री पाहा, निम्म्या सुपरचार्जर गाड्यांच्या बॉनेटखाली बर्फ असतो आणि खाली पाण्याचं थारोळं. स्टेजिंगच्या, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर उभं राहायच्या, आधी ते पुसायचं, नाहीतर ट्रॅकवाले परत पाठवतात.

दुपारी पहिल्याच धावेला ठोके आणि संध्याकाळी तीच गाडी ठणठणीत, तर बाटलीचा दाब बघा. हे कारण सर्वांत जास्त वेळा निसटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाटलीत नायट्रस द्रवरूप असतं आणि स्वतःच्याच वाफेच्या दाबाने बाहेर येतं. म्हणजे दाब पूर्णपणे तापमानावर अवलंबून. २१ अंश सेल्सियसला तो साधारण ७६० पीएसआय असतो. किटवाले ९०० ते ९५० वर चालवायला सांगतात आणि त्यांचे जेटचे तक्ते त्याच दाबासाठी केलेले असतात. ३६ अंशांच्या पुढे गेलं की नायट्रस क्रिटिकल तापमान ओलांडतं, आत द्रव असा उरतच नाही आणि दाब हजारच्या वर चढत जातो. जुलैमध्ये उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या डिक्कीत हे तापमान कधीच ओलांडलेलं असतं. त्यात कोणी हीटर चालूच ठेवलेला असेल तर बघायलाच नको.

आता हिशेब करू. जेटमधून जाणारा प्रवाह ढोबळमानाने दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ९०० चे ११०० झाले तर नायट्रस सुमारे १० टक्क्यांनी वाढलं. वेट किटमध्ये पेट्रोलचा जेट वेगळा असतो आणि त्याला बाटलीच्या दाबाची खबर नसते. तो आधी देत होता तेवढंच पेट्रोल देतो. म्हणजे नायट्रस १० टक्के जास्त, पेट्रोल तेवढंच, मिश्रण पातळ (पेट्रोल कमी), आणि ठोके सुरू. संध्याकाळी डिक्की थंड झाली, दाब ९०० वर आला, मिश्रण पुन्हा जागेवर. मालक म्हणतो, गाडीला दुपार सोसत नाही!

उलटा प्रकार एप्रिलमध्ये दिसतो. बाहेर ८-१० अंश, बाटलीचा दाब ६०० च्या आतबाहेर, मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त). गाडी अडखळते, मागून काळा धूर काढते. मालकाला वाटतं नायट्रस कमी पडतंय, म्हणून तो मोठा जेट टाकतो. त्या दिवशी बरं वाटतं. जूनमध्ये तोच मोठा जेट आणि गरम बाटली एकत्र आली की पिस्टन जातो. ‘पुन्हा पुन्हा येणारा दोष’ म्हणतात तो बऱ्याचदा हाच. ऋतू बदलला की जेट बदलायचा, आणि जेट बदलला की पुढच्या ऋतूची सोय बिघडवायची.

उपाय म्हणजे दाबाचा मीटर आणि थर्मोस्टॅट असलेला ब्लँकेट हीटर. ज्योतीने बाटली गरम करणारे महाभाग आजही भेटतात. ते जिवाशी खेळतात, आणि एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या ट्रॅकवर ते चालतही नाही. दाब जास्त झाला तर ओला टॉवेल टाकून खाली आणा. ९०० च्या खाली किंवा ९५० च्या वर असताना स्विच दाबायचाच नाही, एवढा नियम पाळला तरी निम्मे लॉग साफ होतात.

बाटली कशी बसवलीय तेही एकदा बघा. आत एक सायफनची नळी असते आणि तिचं टोक द्रवात बुडालेलं राहावं लागतं. व्हॉल्व्ह गाडीच्या पुढच्या बाजूला आणि थोडा वर, लेबल वरच्या अंगाला. उलटी बसवली तर अर्ध्या बाटलीलाच द्रवाऐवजी वाफ यायला लागते आणि ताकद लाटांसारखी कमीजास्त होते. उरलेलं नायट्रस मीटरवर कळत नाही, कारण आत द्रव आहे तोवर दाब तापमानाप्रमाणेच दिसतो. बाटली काट्यावर ठेवून वजन करणं हाच खरा मार्ग.

तिसरा प्रकार: कुठलीही धाव असो, कुठलंही हवामान असो, ठोके ठरावीक आरपीएमच्या पुढे येतात, समजा ४८०० नंतर. इथं पेट्रोल कमी पडतंय. या इंजिनाचा रेल प्रेशर (इंजेक्टरना मिळणाऱ्या पेट्रोलचा दाब) व्हॅक्यूमची नळी काढून ४८ ते ५५ पीएसआय असायला हवा आणि बूस्टबरोबर तो तितकाच वाढायला हवा. म्हणजे ५० चा असेल तर ८ पीएसआय बूस्टला ५८. वीस-पंचवीस वर्षं जुना पंप इंजिनाला कसंबसं पुरवतो, त्यात वेट किटने रेलवरच्या टेस्ट पोर्टमधून आणखी पेट्रोल ओढलं की तो दमतो. ५८ च्या जागी ४७ आले तर सगळे इंजेक्टर आणि नायट्रसचा पेट्रोल जेट एकदमच उपाशी.

हे बघायला यांत्रिक प्रेशर गेज लावा, नळी बॉनेटच्या मागच्या फटीतून काढा आणि गेज पुढच्या काचेवर बाहेरून टेपने चिकटवा. वायपरखाली अडकवलं तर अजून बरं. आत आणू नका, नळी सुटली तर मांडीवर पेट्रोल येईल. शेजारी बसलेल्याने फोनवर गेजचं चित्रीकरण करावं, चालवणाऱ्याने बघत बसू नये. काटा बूस्टबरोबर चढून तिथंच राहिला तर पंप निर्दोष. चढून पुन्हा खाली यायला लागला तर आधी फिल्टर, मग पंपाला मिळणारं व्होल्टेज, मग पंप. व्होल्टेज मुद्दाम बघा. नायट्रसचे सोलेनॉइड चांगला करंट खातात, आणि कोणी त्यांना रिलेशिवाय एखाद्या चालू तारेतून वीज दिलेली असेल तर स्विच दाबताक्षणी पंपाचं आणि पेट्रोल सोलेनॉइडचं व्होल्टेज पडतं. नायट्रस ९०० पीएसआयच्या जोरावर तरीही येतं, पेट्रोल मात्र येत नाही.

तक्त्यातला जेट आपल्या गाडीला का लागू पडत नाही

किटबरोबर येणारा तक्ता एखादा ठरावीक रेल प्रेशर धरून केलेला असतो, बऱ्याचदा ४३ पीएसआय. एल६७ मध्ये नोझल ब्लोअरच्या आधी असेल तर त्याच्या तोंडाशी बूस्ट नसतो, पण रेलमध्ये मात्र ५८ असतात. म्हणजे त्याच जेटमधून तक्त्यापेक्षा सुमारे १६ टक्के जास्त पेट्रोल. सुरुवातीला घट्ट मिश्रण बरंच, पण मग लोक ‘गाडी बांधल्यासारखी वाटते’ म्हणून पेट्रोल जेट लहान करत जातात, दमलेल्या पंपावर, आणि उन्हाळ्याचा विचार न करता. नोझल ब्लोअरच्या नंतर असेल तर तिथं बूस्ट उलटा दाबतो आणि फरक पुन्हा ५० चाच राहतो. दोन मित्रांच्या गाड्यांत तोच जेट निराळा वागतो तो यामुळे. एकमेकांचे जेट नंबर विचारून काही साधत नाही, वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण दाखवणारा ऑक्सिजन सेन्सर) लावा. कंपनीच्या ऑक्सिजन सेन्सरचे ९०० मिलिव्होल्ट बघून समाधान मानणाऱ्यांची मला काळजीच वाटते.

नोझलच्या जागेबद्दल आणखी एक. या इंजिनात हवा मोजणारा एमएएफ सेन्सर थ्रॉटल बॉडीलाच बसवलेला आहे. रबरी नळीत, सेन्सरच्या अगदी तोंडासमोर नोझल लावलं तर उणे ८८ अंशांना उकळणारा तो फवारा सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसतो आणि रीडिंग वेडंवाकडं होतं. थ्रॉटल बॉडी आणि ब्लोअर यांच्यामध्ये बसणारी प्लेट मला जास्त पटते. सेन्सर वाचतो आणि फवारा रोटरमधून जाताना हवाही थंड करतो.

टायमिंग, प्लग आणि स्विच

दर ५० हॉर्सपॉवरच्या नायट्रसला २ अंश टायमिंग मागे, हा जुना ठोकताळा इथंही चालतो. कॉम्प्युटर नॉक ऐकून मागे घेतोच की, असं म्हणणारे आहेत. तो ठोका पडून गेल्यावर मागे घेतो. कंपनीच्या पिस्टनला, जे ओतीव हायपरयुटेक्टिक अॅल्युमिनियमचे आहेत, तो आधीचा ठोका पुरतो. शिवाय उष्णतेने रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा रिंगांमधला कडा तुटतो. मूळ रिंग-गॅप नायट्रस धरून ठेवलेला नव्हता.

स्पार्क प्लगचा मूळ गॅप ०.०६० इंच, म्हणजे दीड मिलिमीटर. सिलिंडरमधला दाब वाढला की एवढ्या फटीतून ठिणगी उडायला कष्ट पडतात आणि मिसफायर होतो. ०.०३५ वर आणा आणि प्लग एक पायरी थंड घ्या.

स्विचच्या बाबतीत तडजोड नको. फुल थ्रॉटलचा स्विच हवा आणि त्याच्या जोडीला आरपीएमचा विंडो स्विच, साधारण ३००० ला चालू आणि रेव लिमिटरच्या बऱ्याच आधी बंद. कारण लिमिटर इंजेक्टर बंद करतो, नायट्रस बंद करत नाही. ट्रॅक्शन कंट्रोलही बंद करून ठेवा. चाक फिरलं म्हणून तो ताकद कापायला गेला की बाटली उघडीच राहते. गिअर बदलतानाच्या क्षणी लॉगमध्ये एक-दोन अंशांचं टोक दिसलं तर मात्र घाबरून जाऊ नका, या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा झटका सेन्सरला तसा ऐकू येतो. ते टोक लगेच खाली यायला हवं.

सुपरचार्जर आणि नायट्रसची जोडी काही आजची नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानदलाने जीएम-१ नावाची पद्धत वापरली (आपल्या या गाड्या बनवणाऱ्या जनरल मोटर्सशी, म्हणजे जीएमशी, संबंध शून्य, नुसता योगायोग). मेसरश्मिट १०९ सारख्या विमानांच्या सुपरचार्जर लावलेल्या इंजिनांत ते नायट्रस फवारत. पण ते फवारत खूप उंचीवर, जिथं हवा विरळ होऊन सुपरचार्जरचा बूस्ट पडलेला असे. गेलेली ताकद ते भरून काढत होते. आपण जमिनीवर, भरलेल्या बूस्टवर आणखी चढवतो, आणि तेही कंपनीच्या रॉडवर. म्हणून मूळ इंजिनावर मी ५० च्या वर जायला सांगत नाही. ७५ वर वर्षानुवर्षं चालणाऱ्या गाड्या आहेत, मान्य. फुटलेल्यांचे मालक त्याबद्दल फारसं बोलत नाहीत.

सगळं दुरुस्त केल्यावर बाटली पुन्हा उघडताना सर्वांत लहान जेटपासून सुरुवात करा आणि एकच धाव घेऊन इंजिन तिथंच बंद करा. मग प्लग काढा. पुढच्या बाजूचे १, ३, ५ सहज निघतात, मागचे २, ४, ६ फायरवॉलकडे अडचणीत आहेत, आणि लोक पुढचे तीन बघूनच खूश होतात. सहाही काढा. पांढऱ्या पोर्सिलेनवर भिंग धरा. मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसले तर ठोके अजून आहेत. त्यात चमकणारे बारीक मणी असतील तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम. त्या सिलिंडरची लीक-डाउन टेस्ट (हवेचा दाब देऊन गळती बघायची चाचणी) होईपर्यंत बाटली डिक्कीतून काढून ठेवा.